कणकेला किती बळ लागते?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात येते ती ऊन सर्वांत कडक असताना. जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात तेव्हा पारा ४२-४४ अंशांच्या आसपास असतो, आणि नेमक्या याच दिवसांत आमरसाच्या जोडीला खापरावरच्या पुरणपोळ्या, म्हणजेच मांडे, घरोघर होतात. गव्हाच्या कणकेकडून माणसाने आजवर जी जी कामे करून घेतली, त्यांत मांडा हे फार अवघड काम आहे. पुरण भरलेला उंडा घ्यायचा, पोळपाट-लाटण्याचा आधार न घेता तो दोन्ही हातांवर झेलत, फिरवत दीड-दोन फुटांचा होईपर्यंत वाढवायचा, पुरण कुठेही फुटू द्यायचे नाही आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर तो अलगद पसरायचा. इतकी ताणली जाणारी आणि तरीही न फाटणारी कणीक पिढ्यान् पिढ्या कुठल्याही यंत्राशिवाय तयार होत आली आहे. घरच्या बेकिंगसाठी स्टँड मिक्सर घ्यावा का, आणि घेतला तर कसा वापरावा, या प्रश्नाचा विचार खानदेशी वाचकाने या कणकेपासूनच सुरू करावा असे मला वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे: कणकेला बळ लागते, पण त्याहून जास्त पाणी, वेळ आणि थंडावा लागतो. स्टँड मिक्सर बळ भरपूर देतो, वेळ वाचवतो, मात्र थंडावा हिरावून घेतो. ज्या हवेत थंडावा आधीच दुर्मीळ आहे तिथे हे यंत्र पुस्तकात लिहिले असेल त्याहून बरेच कमी फिरवायला हवे, आणि त्याचा खरा उपयोग कणकेपेक्षा वेगळ्याच कामासाठी करून घ्यायला हवा.

आधी कणीक म्हणजे काय ते पाहू. मळलेल्या कणकेचा गोळा वाहत्या पाण्याखाली चोळत राहिले की पांढरा स्टार्च निघून जातो आणि हातात रबरासारखा चिवट, फिकट गोळा उरतो. इटलीतल्या बोलोन्या शहरातले याकोपो बेक्कारी यांनी हा प्रयोग केला आणि तो १७४५ साली छापून आला. हाच ग्लुटेन. पुढे अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ थॉमस ऑसबर्न यांनी १९०७ साली गव्हातल्या प्रथिनांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्लुटेनमध्ये प्रामुख्याने दोन प्रथिने असतात. ग्लायडिनमुळे कणीक लांबते, पसरते. ग्लुटेनिनमुळे ती ओढल्यावर मागे खेचली जाते. कोरड्या पिठात ही दोन्ही असतात, पण निजलेली. पाणी मिळाले की ती फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे जाळे विणले जाऊ लागते. मळण्याने हे जाळे एका दिशेने ओढले जाते, सरळ होते, थरावर थर बसतात. तरीही विणीची सुरुवात पाण्याने होते, हाताने नव्हे. आणि पाणी पिठाच्या कणात आतपर्यंत शिरायला जो वेळ लागतो तो कितीही जोर लावला तरी फारसा कमी होत नाही. बेकरीवाले जाळे तयार झाले की नाही हे पाहायला कणकेचा छोटा तुकडा चारी बाजूंनी ताणतात. त्याचा पातळ पडदा झाला, पलीकडचा उजेड दिसला आणि पडदा फाटला नाही, म्हणजे कणीक तयार. मांडा करणारी बाई ही परीक्षा पूर्ण उंड्यावर, तेही आत पुरण असताना घेते.

मांड्याच्या कणकेची रीत घरागणिक थोडी बदलते, पण तिचा गाभा सगळीकडे सारखा आहे आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. गहू आधी पाण्याने धुऊन कापडात बांधून ओलसर ठेवतात आणि मग दळतात. ओलाव्याने गव्हाचा कोंडा चिवट होतो, त्याचा भुगा होत नाही, मोठे पापुद्रे निघतात आणि ते चाळणीत अडकतात. आजच्या रोलर मिलमध्ये दळण्यापूर्वी गव्हाला पाणी पाजून त्यातला ओलावा साधारण १५-१६ टक्क्यांवर आणतात, तो याच कारणाने. मग पीठ बारीक कापडातून चाळून वस्त्रगाळ करतात. कोंड्याच्या कणांच्या कडा धारदार असतात. ग्लुटेनचा पातळ पडदा ताणला जात असताना त्या त्याला जागोजागी भोके पाडतात. म्हणजे अर्धी लढाई कणीक भिजवण्याआधीच जिंकलेली असते. नंतर मीठ घालून पीठ सैल भिजवायचे आणि झाकून तास-दोन तास ठेवून द्यायचे. मिठाने जाळे घट्ट होते, मुरण्याने पाणी आतपर्यंत पोहोचते. या वेळात कुणीही कणकेला हात लावत नाही, आणि जाळ्याचा मोठा भाग याच वेळात आपोआप विणला जातो. त्यानंतर पाण्याचा किंवा तेलाचा हात लावून कणीक तिंबायची, परातीत आपटायची, ओढायची, घडी घालायची, पुन्हा आपटायची. हे कष्टाचे काम आहे यात शंका नाही, पण ते शेवटी येते आणि मुरलेल्या कणकेवर होते. कोरड्या, नुकत्याच भिजवलेल्या पिठावर तेवढाच जोर लावला असता तर हात मोडले असते आणि मांडा तरीही फाटला असता.

आता यंत्राकडे येऊ. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या होबार्ट कंपनीतले अभियंते हर्बर्ट जॉन्स्टन यांनी १९०८ साली एका बेकरीवाल्याला लोखंडी पळीने कणीक घोटताना पाहिले आणि हे काम यंत्राने व्हावे म्हणून मिक्सरची रचना केली, असे सांगितले जाते. आधी मोठ्या बेकऱ्यांसाठी आणि अमेरिकी नौदलाच्या स्वयंपाकघरांसाठी यंत्रे निघाली, आणि १९१९ साली घरगुती यंत्र बाजारात आले. त्याचे वजन होते सुमारे ३० किलो. १९३७ साली एग्मंट अ‍ॅरेन्स यांनी त्याला आज ओळखीचा असलेला आटोपशीर आकार दिला, आणि १९५० साली इंग्लंडमध्ये केनेथ वुड यांचा 'केनवुड शेफ' आला. या सगळ्या यंत्रांतली मूळ युक्ती एकच आहे. भांडे स्थिर असते. वरून खाली आलेला दांडा स्वतःभोवती एका दिशेने फिरतो आणि त्याच वेळी भांड्याभोवती उलट दिशेने प्रदक्षिणा घालतो, म्हणून भांड्याचा कुठलाही कोपरा सुटत नाही. दांड्याला तीन प्रकारची पाती बसतात: कणकेसाठी आकडा, लोणी-साखर आणि केकच्या मिश्रणासाठी चपटे पाते, आणि मलई किंवा अंड्याचा पांढरा बलक फेटण्यासाठी तारांची फेटणी. रचना उत्तम आहे आणि शंभर वर्षांत ती बदलावी असे कुणाला फारसे वाटले नाही. पण ही यंत्रे, आणि त्यांच्यासोबत आलेल्या पाककृती, ज्या स्वयंपाकघरांत वाढल्या तिथे ओट्यावरचे पीठ आणि नळाचे पाणी १८-२० अंशांचे असते. 'आकडा लावून दहा मिनिटे मळा' हे वाक्य त्या हवेतले आहे. आपण ते शब्द तसेच्या तसे उचलतो आणि हवा मात्र आपली असते.

मळण्यासाठी घातलेले बळ जाते कुठे? थोडे जाळे विणण्यात खर्च होते आणि बाकीचे घर्षणातून उष्णता बनून कणकेतच राहते. याचा सर्वांत चोख पुरावा मोठ्या कारखान्यांतून मिळतो. इंग्लंडमधल्या चोर्लीवूड इथल्या संशोधन संस्थेने १९६१ साली पावाची एक नवी पद्धत काढली. तिच्यात कणीक तासन् तास आंबवत ठेवण्याऐवजी चार-पाच मिनिटे अतिशय वेगाने घुसळतात, आणि दर किलो कणकेत ११ वॅट-तास, म्हणजे सुमारे ४० किलोज्यूल ऊर्जा घालतात. वेळेच्या जागी बळ चालते हे या पद्धतीने निर्विवाद सिद्ध केले, आणि मी वर मांडलेल्या मताला हा सर्वांत मोठा आक्षेप आहे. कारखान्यात चालते तर घरी का चालू नये? उत्तर त्याच आकड्यात दडलेले आहे. एक किलो कणीक एका अंशाने तापवायला साधारण २.८ किलोज्यूल लागतात. चाळीस किलोज्यूल म्हणजे १४ अंशांची वाढ. कारखाना हे पाणी गार करून, यंत्राच्या भांड्याला थंड आवरण घालून सांभाळतो. घरच्या स्टँड मिक्सरमध्ये मंद वेगावर आठ-दहा मिनिटे मळताना कणीक साधारण १२ अंशांनी तापते, आणि थंड आवरण मात्र नसते. हाताने मळताना ही वाढ दोन-तीन अंशांवर जात नाही.

मे महिन्यातल्या जळगावात याचा अर्थ काय होतो तो हिशोब करून पाहावा. पावाची कणीक मळून झाल्यावर २६ अंशांच्या आसपास असावी, हा बेकरीधंद्यातला सर्वमान्य नेम आहे. पाणी किती गार घ्यायचे हे काढायला बेकरीवाले ढोबळ गणित वापरतात: हव्या त्या तापमानाची तिप्पट करायची आणि तिच्यातून खोलीचे तापमान, पिठाचे तापमान आणि मळण्याने वाढणारे अंश वजा करायचे. सव्वीस त्रिक अठ्ठ्याहत्तर. खोली ४० अंश, डब्यातले पीठ ३९, मिक्सरचे १२, बेरीज ९१. उत्तर येते उणे १३. पाणी उणे १३ अंशांचे नसतेच, ते केव्हाच गोठलेले असते. म्हणजे नळाचे ३०० ग्रॅम पाणी ३५ अंशांचे धरले तर त्यातले सव्वाशे ग्रॅम बर्फ म्हणून घालावे लागेल. बर्फ वितळताना दर ग्रॅमला ८० कॅलरी उष्णता शोषतो, त्यातून हा आकडा निघतो. आता यात एकच बदल करू. पीठ आदल्या रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले आणि ते आठ अंशांवर आले, तर ७८ मधून ४०, ८ आणि १२ गेले की १८ उरतात. फ्रिजचे आणि माठाचे पाणी मिसळून १८ अंश सहज साधतात. आणि याच गार पिठाची कणीक हाताने मळायची असेल, मळण्याचे दोनच अंश धरले, तर पाणी २८ अंशांचे चालते. खानदेशची हवा उन्हाळ्यात कोरडी असल्याने माठ चांगला गार होतो. त्यातले पाणी थेट घेतले तरी गणित बिघडत नाही. हा नेम ढोबळ आहे. प्रत्येक यंत्राचे अंश वेगळे, म्हणून पहिल्यांदा कणीक झाल्यावर तिच्यात स्वयंपाकाचा थर्मामीटर खुपसून पाहावे आणि १२ चा आकडा आपल्या यंत्रापुरता सुधारून घ्यावा. एक-दोन खेपांत तो कायमचा ठरतो.

कणीक दहा-बारा अंश जास्त तापली तर बिघडते काय, असे विचारणे रास्त आहे, कारण पाव तर शेवटी २०० अंशांवरच भाजायचा असतो. बिघडते ते भट्टीत जाण्याआधी. यीस्टचा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो. सव्वीसऐवजी छत्तीस अंशांची कणीक निम्म्या वेळात फुगते, पण चव तयार व्हायला जो वेळ लागतो तो तिला मिळत नाही. यीस्टसोबत आंबट करणारे जंतूही माजतात, कणीक सैल पडते, चिकट होते, आणि भट्टीत गेल्यावर उभी राहायच्या ऐवजी बसते. पंचेचाळीसच्या पुढे तर यीस्टच लंगडू लागते. उन्हाळ्यात घरचा पाव दगडासारखा झाला की दोष यीस्टच्या पुडीला दिला जातो. पुडी बहुतेक वेळा चांगली असते. कणीक भांड्यातच शिजायच्या मार्गाला लागलेली असते. कणीक मऊ पडते आहे म्हणून आणखी पाच मिनिटे यंत्र फिरवणे हा यावरचा सर्वांत वाईट उपाय, कारण त्याने ती आणखी तापते.

उपाय मांड्याच्या रीतीत आहे, आणि युरोपातल्या बेकरीशास्त्रानेही तोच वेगळ्या वाटेने शोधला. फ्रान्समधले पावाचे मोठे जाणकार रेमों काल्वेल यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की नुसते पीठ आणि पाणी कालवून वीस-तीस मिनिटे ठेवले तर पुढचे मळणे बरेच कमी होते आणि पावाची चव, रंग दोन्ही सुधारतात. २००६ साली न्यूयॉर्कचे बेकर जिम लेही यांची न मळता करायच्या पावाची कृती वर्तमानपत्रात छापून आली आणि जगभर पसरली; तिच्यात सैल कणीक बारा-अठरा तास नुसती ठेवून देतात आणि जाळे आपोआप विणले जाते. या कृतीचा वेळ आपल्या उन्हाळ्यात अर्थातच फ्रिजमध्येच काढावा लागेल. तेव्हा मिक्सर असला तरी क्रम असा ठेवावा: फ्रिजमधले पीठ आणि गार पाणी चपट्या पात्याने मिनिटभर, कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंतच फिरवावे, भांडे झाकून अर्धा तास ठेवावे, मग मीठ, यीस्ट घालून आकडा लावावा आणि सर्वांत मंद वेगावर तीन-चार मिनिटेच मळावे. त्यानंतर वीस-वीस मिनिटांच्या अंतराने ओल्या हाताने दोन-तीन वेळा घडी घालावी. पोळीच्या कणकेचा पाव करायचा असेल तर मुरण्याचा वेळ तासभर धरावा. चक्कीत दगडाखाली स्टार्चचे कण बरेच फुटतात, त्यामुळे हे पीठ मैद्यापेक्षा पाणी जास्त पिते आणि सावकाश पिते. बाजारात मिळणाऱ्या लोकवनसारख्या गव्हाची पोळी मऊ होते, पण त्याचे चाळलेले पीठही परदेशी पावाच्या पिठाइतके घट्ट जाळे देईलच असे नाही. त्याला जास्त मळून ताकद येत नाही, उलट आहे ते जाळे तुटते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याचे उत्तर रसायनशास्त्राने देता येत नाही. हाताने होते म्हणून यंत्र नको, असे म्हणणारा बहुधा परातीपुढे बसलेला नसतो. घरातली कणीक बाईने मळायची हे गृहीत धरून तिच्या मनगटाचे आणि खांद्याचे दुखणे 'पारंपरिक कौशल्य' म्हणून गौरवायचे, हा अन्याय आहे, आणि तो या लेखाला करायचा नाही. ज्याचे सांधे दुखतात, ज्याच्या घरी रोज आठ-दहा माणसांचे होते, त्याने यंत्र जरूर घ्यावे. पण यंत्र कुठल्या कामासाठी घडवले आहे ते पाहून घ्यावे. मराठी स्वयंपाकघरात मिक्सर रुजला त्याची हकिकत इथे आठवते. मुंबईत अभियंता सत्यप्रकाश माथूर यांच्या घरचा परदेशी मिक्सर आपल्या वाटण-घाटणापुढे टिकला नाही. म्हणून त्यांनी पत्नी माधुरी यांच्या आग्रहावरून ओली डाळ, खोबरे, मसाला वाटू शकेल असे दणकट यंत्र तयार केले आणि १९६३ मध्ये 'सुमीत' बाजारात आणला. यंत्र तेच, वीजही तीच, फरक एवढाच की मोटर कुठल्या ओझ्यासाठी बनवली आहे हे कुणीतरी विचारले होते. स्टँड मिक्सरला हा प्रश्न अजून पुरता विचारला गेलेला नाही. तो लोण्याचा केक आणि मैद्याचा मऊ पाव डोळ्यांपुढे ठेवून घडला आहे. वरण-बट्टीची कणीक त्याच्यात घातली तर काय होते? बट्टीला जाडसर दळलेले पीठ, भरपूर मोहन आणि बेताचे पाणी. तेल पिठाच्या कणांवर बसते, पाणी आत जाऊ देत नाही, जाळे विणले जात नाही, म्हणूनच बट्टी खुसखुशीत होते. तिला मळायचे नसतेच, नुसते मुठीत दाबून एक करायचे असते. आकडा त्या घट्ट गोळ्यात रुततो, गोळा आकड्यासोबतच गरगर फिरतो, वरचे डोके हादरते, गिअर आणि मोटर तापतात, आणि कणकेचे काहीच भले होत नाही. पुरीची घट्ट कणीकही तशीच. ही कामे परातीतच सोडावीत.

मग हे यंत्र खरे कुठे उपयोगी पडते? जिथे काम बळाचे नसून हवेचे आहे, तिथे. केक, बिस्किटे, नानकटाई यांचा हलकेपणा बेकिंग पावडरने येतो असा समज आहे. बेकिंग पावडर वायू सोडते खरा, पण तो वायू नवे बुडबुडे पाडत नाही. मिश्रणात आधीपासून अडकलेल्या हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांत शिरून त्यांना मोठे करतो. ते बुडबुडे तयार होतात लोणी आणि साखर फेसताना, जेव्हा साखरेच्या कणांच्या कडा स्निग्धात शिरताना हवा सोबत ओढून नेतात. दिवाळीच्या आधी परातीत तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेसून फेसून पांढरी, हलकी करायची, मग मैदा-रवा मिसळायचा, डब्यात घालून बेकरीत न्यायचे आणि पत्र्यावर भाजून आणायचे, ही रीत आपल्याकडे अनेक घरांना ठाऊक आहे. त्यातला फेसण्याचा भाग अर्ध्या-पाऊण तासाचा आणि कंटाळवाणा. हाताचा वेग एका मर्यादेपुढे जात नाही आणि तळहाताच्या उबेने तूप वितळत राहते. हेच काम चपटे पाते पाच-सहा मिनिटांत, एकसारखे आणि हाताची ऊब न लावता करते. मलई किंवा अंड्याचा पांढरा बलक फेटायचा असेल तर तारांच्या फेटणीशी मनगट बरोबरी करूच शकत नाही. तेव्हा ज्याला केक आणि नानकटाईच करायची आहे त्याचे पैसे या यंत्रात सर्वांत चांगले वसूल होतात. ज्याला आठवड्याला एक पाव करायचा आहे त्याचे सर्वांत कमी.

इथेही हवामानाने पाठ सोडलेली नाही. स्निग्ध पदार्थ अर्धवट घट्ट असताना, त्यातले बारीक स्फटिक जागेवर असतानाच बुडबुडे धरून ठेवतो. लोण्याला त्यासाठी साधारण १८ ते २० अंश लागतात, आणि दुधातली चरबी ३५ अंशांच्या आसपास पूर्ण वितळते. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. तेव्हा तूप डब्यात खडीसारखे घट्ट असते आणि पात्याला ते मऊ व्हायला वेळ द्यावा लागतो, भांडे कोमट पाण्यात क्षणभर ठेवावे लागते. तोच डबा मे महिन्यात उघडला तर तुपाचे पाणी झालेले असते, आणि त्यात कितीही वेळ पाते फिरवले तरी हवा थांबत नाही. उन्हाळ्यात केक करायचाच असेल तर भांडे आणि पाते अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवावे, लोणी फ्रिजमधून काढून लहान तुकडे करून लगेच घालावे आणि मध्यम वेगावर तीन-चार मिनिटांत आटोपावे. घर्षणाची उष्णता इथेही चढतेच. मिश्रण चकाकू लागले, तेलकट दिसू लागले की वेळ टळून गेली आहे असे समजावे आणि भांडे परत फ्रिजमध्ये ठेवावे. मलई फेटताना तर सात-आठ अंशांच्या वर जाऊच नये. स्टीलच्या भांड्याचा मोठा फायदा हाच की ते लवकर गार होते, म्हणून काचेचे भांडे दिसायला कितीही छान असले तरी खानदेशात स्टीलच घ्यावे.

आणि एक पदार्थ असा आहे की त्यासाठी यंत्र काढूच नये. रावेर-यावलच्या केळीबागांमुळे जळगावच्या घरांत पिकून काळी पडलेली केळी कायम असतात, आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्या केळ्यांचा केक घराघरांत होतो. यात बहुधा तेल असते, केळ्याचा ओलावा भरपूर असतो, म्हणजे पाणी मैद्याला मोकळेपणाने मिळते आणि ग्लुटेन पटकन विणले जाते. पावाला हवे असलेले नेमके तेच या केकला नको असते. मैदा घातल्यावर यंत्र अर्धा मिनिट जरी जास्त फिरले तरी केक चिवट होतो, कापल्यावर आत उभी लांब भुयारे दिसतात. केळी काट्याने कुस्करावीत, ओले जिन्नस त्यात मिसळावेत, वर मैदा चाळून उलथन्याने दहा-बारा वेळा खालीवर करावा, मैद्याचा एखादा पांढरा ठिपका राहिला तरी राहू द्यावा. भट्टीत तो आपोआप ओला होतो.

शेवटी धंद्याचा प्रश्न. जळगाव-धुळ्यात घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या आणि आखाजीला ऑर्डरवर मांडे करून देणाऱ्या बायका आहेत. त्यांचा हिशोब घरच्या हिशोबाहून वेगळा असतो, आणि त्यांना 'मुरू द्या, हाताने करा' हे सांगणे पुरेसे नाही. केकवाल्यांना स्टँड मिक्सर घ्यायलाच हवा आणि तो मोठाच घ्यावा. कणकेचे काम रोजचे पाच-दहा किलोंचे असेल तर मात्र मोठ्यात मोठा घरगुती स्टँड मिक्सरही चुकीचे यंत्र आहे. त्या कामासाठी बेकऱ्यांत स्पायरल मिक्सर असतो. त्यात भांडे स्वतः फिरते, आकडा एकाच जागी फिरतो, कणकेचा एक भाग मळला जात असताना बाकीची विसावा घेते, आणि तिचे तापमान कमी चढते. घरगुती यंत्र घेतानाही खोक्यावरच्या लिटरच्या आकड्यावर जाऊ नये. पाच लिटरचे भांडे म्हणजे पाच किलो कणीक नव्हे. पाऊण-एक किलो मैद्याच्या वर त्यात घालू नये, आणि चक्कीचे पीठ असेल तर त्याच्याही खाली राहावे. वॅटचा आकडाही मोटर किती वीज ओढते तेवढेच सांगतो, मळणाऱ्या आकड्यापर्यंत किती बळ पोहोचते ते सांगत नाही. दुकानदाराला दोनच गोष्टी विचाराव्यात आणि माहितीपुस्तिकेत छापील दाखवायला लावाव्यात: एका वेळी जास्तीत जास्त किती ग्रॅम पीठ, आणि सलग किती मिनिटे. दुसरा आकडा बहुतेक पुस्तिकांत बारीक अक्षरात असतो आणि तो थंड खोलीत ठरवलेला असतो, म्हणून मार्च ते जून या चार महिन्यांत तो निम्माच धरावा.